कालाम सुत्त आणि ‘मला पटते म्हणून’

कोसल देशातील केसपुत्त हे कालाम लोकांचे गाव. बिहारमधील आजचे केसरिया म्हणजेच केसपुत्त, असे बरेच अभ्यासक मानतात. या गावात निरनिराळे श्रमण-ब्राह्मण येत, आपले तेवढे खरे म्हणत आणि दुसऱ्याचे खोडून काढत. यात खरे कोण बोलतो, हे कालामांनी तथागतांना विचारले. तुम्हाला शंका आली हे योग्यच झाले, असे म्हणून तथागतांनी जे सांगितले ते अंगुत्तर निकायाच्या तिक निपातात आहे.

आपल्या शिबिरांत हे सुत्त एका वाक्यात उरकले जाते : कोणाचे ऐकू नका, स्वतःच्या बुद्धीला पटेल तेच स्वीकारा. सुत्तात एवढेच नाही. केवळ ज्यांच्यावर विसंबून निर्णय करू नये, असे दहा आधार तेथे मोजले आहेत. ऐकीव गोष्ट, परंपरा, वदंता आणि ग्रंथाचा दाखला हे चार आपल्याला पाठ असतात, कारण ते विरोधकाला लागू पडतात. पण त्याच यादीत निव्वळ तर्क, अनुमान आणि वरवरच्या लक्षणांवरून केलेला विचार आहे. सांगणारा लायक दिसतो, तो आपला गुरू आहे, हेही आहे. आणि ‘दिट्ठिनिज्झानक्खन्ति’ आहे. दिट्ठि म्हणजे आपण आधीच धरलेले मत. त्या मताशी जुळते म्हणून एखादी गोष्ट मान्य करणे, हाही कच्चाच आधार.

मग योग्य-अयोग्य ठरवायचे कसे? ही गोष्ट कुशल की अकुशल, दोषाची की निर्दोष, सुज्ञ लोक तिला नावे ठेवतात की तिची प्रशंसा करतात, आणि ती आचरली तर हित-सुख होते की अहित-दुःख, हे स्वतः जाणून घ्या. त्यानंतर तथागत कालामांना लोभ, द्वेष आणि मोह यांविषयी विचारतात. म्हणजे तपासणी समोरच्यापाशी थांबत नाही, निर्णय करणाऱ्याच्या मनापर्यंत येते. सुज्ञ कोणाला म्हणायचे हा वादाचा प्रश्न आहेच, पण आपल्याच गटातले चार जण म्हणजे सुज्ञ नव्हेत, एवढे तरी मानायला हरकत नसावी.

काही वर्षांपूर्वी एका वस्तीत काम करताना पाहिलेला प्रसंग सांगते. एका आजीच्या पेटीत देवांचे जुने टाक आहेत, हे विहारातल्या मुलांना कळले. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात हे चालणार नाही, म्हणून मुलांनी घरी जाऊन पेटी उघडायला लावली आणि टाक उचलून नेले. मी मुलांच्याच बाजूची होते. प्रतिज्ञांचा अर्थ मला स्पष्ट दिसत होता. आजी म्हणाल्या, “पूजा कधीच सोडली रे. आईची तेवढीच वस्तू होती.” देव न मानण्याची प्रतिज्ञा आम्हाला आठवली. प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा त्याच बावीसांत आहे, ती त्या दिवशी कोणालाच आठवली नाही.

यावर एक कार्यकर्ता मला म्हणाला, “ताई, मग प्रत्येकाचे आपापल्या जागी बरोबरच म्हणायचे का? महाडच्या सनातन्यांचेही?” प्रश्न रास्त होता. 1923 साली मुंबई विधिमंडळात बोले ठराव झाला आणि 1924 मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केले. तरी 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब आणि त्यांचे अनुयायी त्या तळ्याचे पाणी प्यायले, तेव्हा त्यांच्यावर हल्ला झाला आणि पुढे तळ्याचे पंचगव्याने शुद्धीकरण करण्यात आले. करणाऱ्यांना तो धर्म वाटत होता, यात शंका नाही. पण कालामांना सांगितलेली कसोटी त्यांना काय वाटत होते यावर थांबत नाही. द्वेष होता का? कोणाचे अहित झाले? उत्तर तळ्याच्या काठावरच होते. दृष्टिकोन समजून घेणे म्हणजे त्याला सूट देणे नव्हे. फक्त तीच कसोटी आपल्या घरीही लावायची, एवढाच कालाम सुत्ताचा आग्रह आहे, आणि तोच जड जातो.

पुढच्या वर्षावासात आजी विहारात आल्या नाहीत. मी दोनदा घरी गेले. चहा दिला, पण विषय काढू दिला नाही. टाक कुठे ठेवले, हे मुलांपैकी कोणालाच आता सांगता येत नाही.