बेथेलचा नाताळ

जालन्याजवळच्या बेथेलमध्ये, शहरातल्या मिशनच्या जुन्या आवारात आणि आसपासच्या ख्रिस्ती वस्त्यांत नाताळ हा वर्षातला सगळ्यात मोठा सण. तो गोऱ्या साहेबांनी बोटीतून आणला आणि इथल्या लोकांनी उचलला, असंच सगळे धरून चालतात. पण जालन्याला आलेले साहेब स्कॉटलंडचे होते, आणि स्कॉटलंडात नाताळ नव्हताच.

१५६० साली जॉन नॉक्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तिथल्या चर्चसाठी जी शिस्त लिहून काढली, तिने बायबलात आधार नसलेले सण मोडीत काढले. त्यांत नाताळही होता. १६४० मध्ये स्कॉटलंडच्या संसदेने नाताळची सुटीच रद्द केली. पुढे शतकानुशतकं तिकडे २५ डिसेंबरला दुकानं उघडी असत, कारखाने चालू असत. सरकारी सुटी मिळायला १९५८ साल उजाडावं लागलं. सगळी हौस नववर्षाच्या रात्री. नगर जिल्ह्यात काम करणारं अमेरिकन मराठी मिशनही असंच. त्याचं मूळ बोस्टनकडच्या प्युरिटन परंपरेत, आणि त्या मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ ते १६८१ या काळात नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता. मराठी मुलखात खेडोपाडी ख्रिस्ती धर्म नेणाऱ्या दोन मोठ्या मिशनांच्या घरी हा सण मुळातच नव्हता. मग तो इथे रुजवला कोणी?

त्यासाठी नारायण शेषाद्रींकडे जावं लागतं. मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेला हा ब्राह्मण तरुण. सप्टेंबर १८४३ मध्ये रॉबर्ट नेस्बिट यांनी त्यांना बाप्तिस्मा दिला. त्याच वर्षी मे महिन्यात स्कॉटलंडचं चर्च फुटून फ्री चर्च वेगळं झालं होतं आणि मुंबईचे मिशनरी नव्या चर्चबरोबर गेले होते. नारायणरावांचा धाकटा भाऊ श्रीपत तेव्हा जेमतेम बारा वर्षांचा. तोही मिशनऱ्यांकडे राहायला गेला. वडिलांनी कोर्टात धाव घेतली आणि मुलाचा ताबा त्यांना मिळाला. तंटा मिटला नाही. मिशनऱ्यांकडे राहून आलेल्या पोराला जातीत परत घ्यायचं की नाही, यावरून मुंबई-पुण्याच्या शास्त्रीमंडळींत रान उठलं. बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन घ्यावं ही बाजू लावून धरली आणि त्यापायी स्वतःच्याच लोकांचा रोष ओढवून घेतला. बाळशास्त्रींचं हे धैर्य मला त्यांच्या ‘दर्पण’ या पत्राइतकंच मोलाचं वाटतं. श्रीपतला घर परत मिळालं. थोरल्याला मात्र ते कायमचं बंद झालं. घर म्हणजे पंगत आली, दिवाळीची पहाट आली, श्राद्धपक्ष आला. हे सगळं एका दिवसात तुटलेला माणूस पुढे निजामाच्या राज्यात जालन्याला येऊन बसला आणि १८९१ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याचं नाव या गावाशी जोडलेलं राहिलं.

हैदराबादचे दिवाण सालारजंग यांनी जमीन दिली आणि जालन्याजवळ बेथेल वसलं. तिथे आलेली कुटुंबं मुख्यतः मातंग आणि महार समाजातली. गावगाड्यात सणांशी त्यांचं नातं काय होतं, ते नीट पाहायला हवं. पोळ्याला बैलाच्या अंगावर नवा कासरा, नवी वेसण चढे, ती मातंगाच्या घरी वळलेली. लग्नाच्या वरातीपुढे हलगी घुमे, तीही त्याचीच. सण त्याच्या हातांवाचून उभा राहत नसे आणि त्याला मात्र देवळाच्या पायरीपाशी थांबावं लागे. ख्रिस्ती झाल्यावर तेवढाही वाटा सुटला. म्हणजे ज्याचे सण गेले तो पाळक, आणि ज्यांना सण कधी मनासारखा मिळालाच नाही ती मंडळी, अशा दोघांचं मिळून हे गाव झालं. अशा गावाला स्वतःचा सण हवाच होता. जालन्याच्या नाताळचं कूळ मी इथे मानतो.

नाताळ कसा करतात ते दिसायला जवळपास होतंच. जालन्याला लष्करी छावणी होती, आणि औरंगाबादेत इंग्लंडच्या चर्च मिशनरी सोसायटीचं काम मूळचे पारशी असलेले रतनजी नौरोजी चालवत. इंग्लंडच्या चर्चने नाताळ सोडलेला नव्हता.

परक्या मुलखात आलेल्या स्कॉटिश मिशनऱ्याचा डिसेंबर मात्र सणात नव्हे, दौऱ्यात जाई. पावसाळा सरून वाटा सुकल्या की तंबू, पुस्तकांची पेटी, औषधं असा सरंजाम बैलगाड्यांवर लादून तो खेड्यांत निघे. होळीच्या सुमाराला ऊन तापलं की परत. मनमाड-सिकंदराबाद रेल्वे जालन्यापर्यंत आली ती १९०० च्या सुमाराला. त्याआधी नांदगावला आगगाडीतून उतरून पुढे टांगा नाहीतर बैलगाडी. घरचं पत्र याच वाटेने येणार, महिना उलटून. नारायणराव उलट दिशेनेही गेले. ऑक्टोबर १८७३ मध्ये न्यूयॉर्कला भरलेल्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेत पागोटं बांधलेला हा मराठी माणूस बोलायला उभा राहिला. जालन्याचा धर्मप्रचारक अमेरिकेत जाऊन तिथल्या श्रोत्यांना आपल्या मंडळीबद्दल सांगतो आहे, हे दृश्य आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत असायला हवं होतं.

सणाला अंग चढलं ते मराठी. नगरच्या कृष्णराव सांगळ्यांनी कीर्तनाचा साज ख्रिस्ती कथेला चढवला. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेले कवी रेव्हरंड टिळक यांची पदं ‘उपासना संगीत’मधून घराघरांत गेली. विलायती चाली मागे पडल्या आणि पेटी-तबल्यावर, टाळांवर भजन रंगू लागलं. नाताळच्या आधीच्या रात्री गाणाऱ्यांची फेरी निघते. कानटोप्या, मफलर, एकाच्या गळ्यात ढोलकी. दारापुढे दोन पदं झाली की घरची बाई चहा घेऊन बाहेर येते, पाळकसाहेब प्रार्थना करतात आणि फेरी पुढच्या दाराकडे वळते. दारावरची चांदणी बांबूच्या कामट्यांची. पाच टोकं सुतळीने आवळायची, वर पतंगी कागद खळीने चिकटवायचा, एक बाजू उघडी ठेवून आत दिवा सोडायचा. आकाशकंदील करणाऱ्या हाताला हे वेगळं शिकवावं लागत नाही.

फराळ तर सरळ दिवाळीचाच : करंज्या, शंकरपाळे, चकल्या, अनारसे. करंजीला लागतो तोच रवा-मैदा, सारणाला तेच खोबरं आणि खसखस, कडेला मुरड घालायची तीच तऱ्हा. चार घरच्या बाया एका ओसरीवर बसतात, एक लाटते, एक भरते, एक कातणं फिरवते आणि कढईपाशी सगळ्यांत जाणती. केक आता बेकरीतून येतो आणि मुलांना तो आवडतो, पण पाहुण्याच्या बशीत आधी करंजी पडते.

१९७० मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं आणि नाताळ पाळणारी व न पाळणारी जुनी घराणी कायदेशीरपणे एका छपराखाली आली. जालन्याच्या मंडळींना त्यामुळे सणात फारसं काही बदलावं लागलं नाही. दिवाळीत शेजारून आलेली ताटं डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात भरून परत जातात, आणि शाळू लवकर निसवला असेल तर बदल्यात त्या घरून हुरड्याचं बोलावणंही येतं.