घरांतील समुद्र

मुळशी तालुक्यास समुद्र नाहीं. पण समुद्र त्याच्या पाठीशींच आहे. ताम्हिणीच्या माथ्यावरून कोंकण खालीं उतरत गेलेलें दिसतें, आणि पावसाळ्यांत त्याच बाजूनें ढग चढून येतात. तेव्हां आमच्या पुतण्यानें भूगांवच्या बिऱ्हाडांत खाऱ्या पाण्याची काचेची टाकी मांडली, तेव्हां आम्हांस फारसें नवल वाटलें नाहीं. नवल पुढें वाटलें. त्यानें बाजारांतून सागरी मीठ आणलें, दर लिटर शुद्ध पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम या हिशेबानें तें कालविलें, आणि त्याच आठवड्यांत चार विदूषक मासे आंत सोडले. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला हा क्लाउनफिश २००३ सालच्या ‘फाइंडिंग नीमो’ या चित्रपटापासून घरोघरच्या मुलांच्या ओळखीचा झाला आहे. आठव्या दिवशीं चारहि मासे मेले. नातीनें रडून घर डोक्यावर घेतलें.

“काका, मीठ मोजून घातलें होतें, ऊबहि बरोबर होती, मग चुकलें काय?” असें पुतण्यानें विचारिलें. आम्ही जन्मभर इतिहास शिकवीत आलों. उत्तर शोधावयास इतिहासांतच गेलों.

घरीं समुद्र ठेवण्याच्या पहिल्या यशस्वी उद्योगांपैकीं एक लंडनमधील ॲना थिन या बाईंचा होय. वेस्टमिन्स्टरच्या एका धर्माधिकाऱ्याच्या या पत्नीनें १८४६ सालीं टॉर्की येथील किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ घरीं आणले. समुद्राचें पाणी लंडनला आणविणें खर्चाचें होतें. म्हणून तेंच पाणी पुनः पुनः ताजें करण्याची युक्ति त्यांनीं काढली. उघड्या खिडकीपाशीं अर्धा-पाऊण तास तें एका भांड्यांतून दुसऱ्या भांड्यांत ओतावयाचें. हें काम करी घरची लहान मोलकरीण, व तिला त्यांत गंमत वाटे, असें बाईंनीं लिहून ठेविलें आहे. तिला कोणी विचारलें होतें कीं काय, कोण जाणे!

या ओतण्यांतून सुटका करण्याचा मार्ग रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानें दाखविला. बारा गॅलनांच्या भांड्यांत दोन सोनमासे, एक पाणवनस्पति व कांहीं गोगलगायी ठेवून त्यानें १८५० सालीं केमिकल सोसायटीपुढें आपला सिद्धान्त मांडला: वनस्पति प्राणवायु सोडते, मासा तो घेतो, गोगलगाय सडका पाला खाते, तराजू समतोल राहतो. पुढें त्यानें समुद्राच्या पाण्यावरहि हेच प्रयोग केले. सिद्धान्त सुंदर होता, आणि बऱ्याच अंशीं खराहि. पण तराजूचें एक पारडें त्याच्या दृष्टीस पडलेंच नव्हतें. माशाच्या शरीरांतून सतत अमोनिया बाहेर पडतो, आणि तो थोडासा सांठला तरी माशास विषासमान होतो. प्राणवायु कितीहि असला तरी या विषाचा निचरा कोण करतो?

याचें उत्तर शोधणाऱ्यांत त्याचाच मुलगा असावा, ही इतिहासाची मौज आहे. मुलाचेंहि नांव रॉबर्टच. तो इंग्लंडांत रॉथम्स्टेडच्या शेतकी प्रयोगशाळेंत काम करीत असे, आणि त्याचें लक्ष माशांकडे नसून शेताच्या मातीकडे होतें. १८७७ सालीं श्लोएसिंग व म्युंट्झ या फ्रेंच संशोधकांनीं दाखविलें कीं, अमोनियाचें नायट्रेट होतें तें जिवंत सूक्ष्मजंतूंमुळें. धाकट्या वॉरिंग्टननें हें काम पुढें नेऊन त्याच्या दोन पायऱ्या वेगळ्या केल्या: आधीं नायट्राइट, मग नायट्रेट. १८९० च्या सुमारास विनोग्राड्स्कीनें ते जंतु शुद्ध रूपांत वेगळे केले. बापानें भांडें दिलें, मुलानें मातीचा अभ्यास केला, आणि भांड्याचें रहस्य मातींत निघालें.

पुतण्याच्या टाकींत हे जंतूच नव्हते. ते दगडांवर व वाळूंत आपली वसाहत करतात, आणि त्यास साधारणपणें चार ते सहा आठवडे लागतात. घाई केली तर माशाच्या प्राणावर बेततें. हें समजल्यावर त्यानें टाकी महिनाभरावर रिकामीच चालविली. माशांचें खाद्य चिमूटभर टाकावयाचें आणि अमोनिया व नायट्राइट मोजावयाचें, इतकेंच काम. येणारेजाणारे रिकाम्या पाण्याकडे पाहून हंसत. नात तर टाकीवर रुसलीच होती.

नवे मासे आणतांना दुसरा प्रश्न उभा राहिला. फिलिप हेन्री गॉस याच्या १८५४ च्या ‘द अक्वेरियम’ या पुस्तकानें इंग्लंडांत घराघरांत समुद्र शिरला, आणि हौशी लोकांनीं किनाऱ्यावरचीं डबकीं लुटून रिकामीं केलीं. त्याच्या मुलानें, एडमंड गॉसनें, १९०७ सालीं आपल्या आत्मकथनांत त्याबद्दल खेद व्यक्त केला आहे. विदूषक मासा तर प्रवाळांच्या आश्रयानें, समुद्रफुलाच्या दंश करणाऱ्या बाहूंत राहणारा. आपल्याकडे लक्षद्वीप व अंदमान हीं त्याचीं घरें. तेथून तो उचलणें म्हणजे गॉसच्या शिष्यांचाच कित्ता गिरविणें. सुदैवानें हा मासा बंदिस्त पाण्यांतहि अंडीं घालतो. नर त्यांची राखण करतो, आणि सुमारें आठवड्यानें पिलें बाहेर पडतात. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनें विझिंजम व मंडपम येथें त्यांची पैदास करून दाखविली आहे. पुतण्यानें अशीं पैदाशीचींच दोन पिलें घेतलीं, व समुद्रफूल आणलें नाहीं. त्यावांचूनहि तीं जगतात. “आजोबा, यांतली आई कोणती?” असें नातीनें विचारलें. मोठी होईल ती, असें आम्हीं सांगितलें. या जातींत सर्व पिलें प्रथम नर असतात, व जोडींतील थोरला मासा पुढें मादी होतो, हें तिच्या गळीं उतरविण्यास मात्र एक संध्याकाळ गेली.

गेल्या आषाढांत आम्ही मुक्कामास असतां एका रात्रीं वादळानें वीज गेली. पंप थांबले. पाणी हलेनासें झालें म्हणजे त्यांतील प्राणवायु उतरूं लागतो, हें आतां घरांत सर्वांस ठाऊक होतें. पुतण्याची बायको तांब्यानें टाकींतलें पाणी उचलून उंचावरून परत ओतूं लागली. ती थकली तेव्हां तांब्या आम्हीं घेतला. अर्ध्या तासांत खांदा भरून आला. खिडकी उघडीच होती, आणि पश्चिमेकडे काळोखांत, डोंगरांच्या आड, मुळशीचें धरण होतें. त्याच्या विरुद्ध १९२१ सालीं सेनापति बापटांसह मावळ्यांनीं सत्याग्रह केला. पन्नासांवर गांवांच्या जमिनींचा तो प्रश्न होता. सत्याग्रह हरला, आणि १९२७ पासून भिरा येथें वीज निर्माण होऊं लागली, ती मुंबईकरितां. मुळेचें पाणी वास्तविक भीमा-कृष्णेंतून पूर्वसमुद्रास जावयाचें. तें बोगद्यांतून सह्याद्रीच्या पलीकडे पडतें, चक्रें फिरवितें, आणि कुंडलिकेवाटे पश्चिमसमुद्रास मिळतें.

पहाटे सव्वादोनला दिवे आले. नात टाकीसमोर सतरंजीवर झोंपली होती. दोन्ही मासे उलट्या ठेवलेल्या मातीच्या कुंडीच्या तोंडाशीं, एकमेकांस चिकटून, संथपणें पर हलवीत होते. पुतण्याच्या बायकोनें तांब्या विसळून पालथा घातला.