गोठलेलं भाडं आणि झिजलेलं घर

तालुक्याच्या गावी बाजारपेठेतली एखादी जुनी इमारत विकायला निघते. गिलावा सुटलेला, जिना डुगडुगणारा, पण जागा मोक्याची. नुकताच निवृत्त झालेला माणूस म्हणतो, स्वस्त आहे, घेऊन टाकू. मंडळी, अशा वेळी भिंतींबरोबर भाडेकायद्याचा इतिहासही तपासावा.

पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबईत घरं अपुरी पडली, भाडी भडकली. म्हणून १९१८ मध्ये तात्पुरता कायदा झाला. पुढे १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला. १ सप्टेंबर १९४० ला जे भाडं होतं, तेच त्यानं ‘प्रमाण भाडं’ ठरवलं. हा कायदाही मुदतीचाच होता. मुदत मात्र वाढतच गेली. विदर्भ-मराठवाड्यात वेगळे कायदे होते.

हेतू चांगलाच होता. कामगार, कारकून, मास्तर यांच्या डोक्यावर छप्पर टिकलं. पण भाडं थांबलं तरी सिमेंटचा भाव आणि गवंड्याची मजुरी थांबली नाही. मालकानं डागडुजी सोडली. दुसरीकडे परवडणार नाही म्हणून भाडेकरूनं खोली सोडली नाही. पागडी बोकाळली. आज दिसणारी पडझड पावसाइतकीच या हिशेबानंही केलेली आहे.

१९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गोठलेल्या भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी ठरल्याचं म्हटलं. त्यानंतर १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. राज्याला एकच कायदा मिळाला आणि मालकाला वर्षाला ४ टक्के भाडेवाढीचा हक्क.

आता हिशेब करू. समजा, १० खोल्या आहेत आणि प्रत्येकीचं भाडं महिना १०० रुपये. वर्षाचे झाले १२,०००. त्यावर वाढ ४८० रुपयांची. यातच घरपट्टी भरायची आणि छपराची गळतीही काढायची!

म्हणून मिळकतीच्या उताऱ्याबरोबर भाडेपावत्याही मागा. कोण कधीपासून राहतं, पागडी दिली आहे का, कोर्टात दावा आहे का, हे विचारा. इमारत पाडून नवी बांधायची तर जुन्या भाडेकरूला तिथं जागा द्यावी लागते, हे बिल्डरच्या रंगीत चित्रात दिसत नाही.

या व्यवहारात घेणारा आणि विकणारा असे दोघेच नसतात. पिढ्यान्‌पिढ्या आत राहणारी माणसं हा तिसरा पक्ष असतो. इसाराची रक्कम देण्याआधी त्यांच्या ओट्यावर बसून बोलावं. इमारतीची खरी किंमत तिथंच कळते.