जात्यापासून गिटारपर्यंत : एकट्याने सूर आणि साथ सांभाळण्याचा इतिहास

१/ गिटार शिकणारा प्रत्येक जण आधी कॉर्ड शिकतो. चार कॉर्ड जमल्या की मित्र गातात आणि आपण साथ करतो. पण गाणारे कोणी नसेल तर? मग धूनही आपणच वाजवायची आणि तिच्याखालचा आधारही आपणच द्यायचा. या पद्धतीला गिटारवादक ‘कॉर्ड मेलडी’ म्हणतात. तिचा माग काढत हा धागा जळगाव-धुळ्याच्या मातीतून निघणार आहे आणि तिथेच परतणार आहे.

२/ प्रथम संज्ञा. कॉर्ड म्हणजे एकाच वेळी वाजणारे किमान तीन स्वर, उदाहरणार्थ सा-ग-प. धून पुढे सरकते तशी तिच्याखालची कॉर्ड बदलते. या बदलत्या आधाराला हार्मनी म्हणतात. आपल्याकडील आधार मात्र बदलत नाही. तंबोरा प आणि सा धरून राहतो आणि राग त्या स्थिर भूमीवर उलगडतो. पुढचे सारे वाद या एका फरकातून निघाले.

३/ एकाच माणसाने धून आणि आधार दोन्ही सांभाळणे खानदेशाला नवे नाही. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांची कविता शेतात आणि जात्यावर घडली. जात्यावर बसलेली बाई एका हाताने दगड फिरवते आणि गळ्याने ओवी म्हणते. दगडाची अखंड घरघर हाच तिचा तंबोरा आणि दर फेऱ्याचा ठेका हाच तिचा ताल.

४/ धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात, डोंगराळ भागात मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाचा उत्सव होतो आणि रात्रभर पावरी वाजते. भोपळ्याच्या पोकळीतून एकच श्वास दोन नळ्यांत जातो आणि दोन्ही एकदम बोलतात. वादक नाकाने श्वास घेत राहतो, त्यामुळे सूर तुटत नाही. एक माणूस, एक श्वास, दोन आवाज.

५/ गारुड्याच्या पुंगीत तर कामाची वाटणी स्पष्ट असते: एक नळी धून वाजवते, दुसरी एकच सूर धरते. याउलट लग्नातल्या सनईला सूर धरायला दुसरा वादक लागतो. म्हणजे ‘साथ कोणी द्यायची’ हा प्रश्न आपल्या वाद्यांनी फार पूर्वीच वेगवेगळ्या रीतींनी सोडवला होता. मात्र प्रत्येक वेळी तो आधार एका जागी स्थिर होता.

६/ हार्मनी वाजवू शकणारी वाद्ये आपल्या संगीतात आली ती वसाहतकाळात. जीआयपी रेल्वे १८६० च्या दशकात भुसावळला पोचली, १८६७ मध्ये नागपूरपर्यंत गेली. रेल्वेमुळे नाटक कंपन्यांचे दौरे सुकर झाले आणि संगीत नाटकासोबत पायपेटी, म्हणजेच ऑर्गन, गावोगावी ऐकू येऊ लागला. बालगंधर्वांचे गाण्याचे आरंभीचे शिक्षणही जळगावातच मेहबूबखाँ यांच्याकडे झाले.

७/ आता गंमत पाहा. ऑर्गनवर दोन्ही हात मोकळे असतात, दहा बोटांनी कॉर्ड वाजवता येतात. तरीही नाट्यसंगीतात तो मुख्यतः गायकाच्या मागे मागे धूनच वाजवत राहिला. पुढे कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हातपेटी घडवली. तिचा भाता डावा हात चालवतो, म्हणून स्वरांसाठी एकच हात उरतो. जमिनीवर बसून गाणाऱ्यांच्या सोयीचे वाद्य तयार झाले, पण हार्मनीची वाट अरुंद झाली.

८/ पेटीवरचा मोठा आक्षेप निराळाच होता. तिच्या सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात. शेजारच्या दोन पट्ट्यांतले अंतर १०० सेंट मानले, तर पेटीचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमंट्स यांच्यासोबत त्यांनी श्रुतींची पेटी घडवण्याचा प्रयत्नही केला.

९/ वाद इतका पेटला की १९४० मध्ये आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली. ती उठू लागली १९७१ मध्ये. लक्षात घ्या, गिटारच्या दांडीवरचे पडदेही याच समान विभागणीने बसवलेले असतात. म्हणजे पेटीवरचा प्रत्येक आरोप गिटारलाही लागू होतो. खटला मात्र पेटीवर चालला, कारण ती आपल्या गायकाच्या शेजारी बसली होती.

१०/ गोव्यात चित्र वेगळे होते. चर्चशी जोडलेल्या शाळांत मुले नोटेशन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकत. मांडो गाताना एक आवाज धून घेतो, दुसरा बहुधा तिसऱ्या स्वराच्या अंतरावर सोबत चालतो. हार्मनी तेथे घराघरांत पोचली होती. याच शाळांतून घडलेले वादक मुंबईच्या हॉटेलांत आणि पुढे चित्रपटांच्या स्टुडिओत दाखल झाले.

११/ पुणतांब्याचे सी. रामचंद्र आणि गोव्याचा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांची जोडी १९५१ च्या ‘अलबेला’त दिसते. सेबॅस्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन यांच्या चालींना वाद्यवृंदाचा साज चढवला. माजोर्डेचे अँथनी गोन्साल्वीस प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. १९७७ मध्ये ‘अमर अकबर अँथनी’तील गाण्यातून शिष्याने त्यांचे नाव देशभर पोचवले. गाणे सर्वांना पाठ आहे, तो माणूस खरा होता हे फार थोड्यांना ठाऊक असते.

१२/ या काळाने एक श्रमविभागणी रूढ केली. चाल संगीतकाराची, हार्मनी अरेंजरची, वाजवणार वाद्यवृंद. पोस्टरवर नाव पहिल्याचे. बहिणाबाईंची ओवीसुद्धा १९६१ च्या ‘मानिनी’त वाद्यवृंदासह अवतरली. गाणे घराघरांत पोचले, हा लाभच. पण जात्यावर एकटी बाई जे दोन्ही सांभाळत होती, ते आता अनेकांत वाटले गेले.

१३/ शास्त्रीय संगीतानेही गिटार स्वीकारली, पण आपल्या अटींवर. ब्रिजभूषण काबरा यांनी ती मांडीवर आडवी घेतली आणि तारेवर धातूचा दांडा सरकवून मींड काढली. पडद्यांचा अडसर दूर झाला, चिकारीच्या तारांनी षड्ज धरला. १९६७ चा ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ऐका: गिटार आहे, कॉर्डचा आधार नाही. गिटारची जवळजवळ वीणा झाली.

१४/ अमेरिकेत त्याच विसाव्या शतकात उलटी वाट चोखाळली गेली. एडी लँग (१९०२–१९३३) यांनी जॅझमध्ये गिटारला एकल आवाज दिला. जॉर्ज व्हॅन एप्स यांनी मंद्र स्वरांसाठी सातवी तार जोडली. जो पास यांनी १९७३ मध्ये ‘व्हर्चुओसो’ ध्वनिमुद्रित केला: जवळजवळ संपूर्ण तबकडी एकटा माणूस, एक गिटार. धून, कॉर्ड आणि खर्ज यांचे तिहेरी काम दहा बोटांत परतले.

१५/ तंत्र थोडक्यात. गिटारच्या तारा जाडीकडून बारीकडे ई, ए, डी, जी, बी, ई. कानाला सर्वांत वरचा स्वर धून वाटतो, म्हणून धून बारीक दोन तारांवर आणायची. खर्ज अंगठ्याने जाड तारांवर. मधल्या तारांवर कॉर्डचे एक-दोन स्वर पुरेत. प्रत्येक स्वराखाली कॉर्ड ठेवणे हा नवशिक्याचा ठरलेला मोह. समेवर किंवा ओळीच्या वळणावर ठेवली की धून मोकळी राहते.

१६/ खरी अडचण पुढे आहे. भूप घ्या: सा रे ग प ध. या पाच स्वरांतून पूर्ण तीनस्वरी कॉर्ड दोनच निघतात: सा-ग-प आणि ध-सा-ग. पाश्चात्त्य गाण्यात सर्वांत जास्त लागणाऱ्या इतर दोन कॉर्ड म्हणजे प-नि-रे आणि म-ध-सा. पहिलीत नि येतो, दुसरीत म. दोन्ही भूपात वर्ज्य. पुस्तकातली कॉर्ड जशीच्या तशी लावली की राग तिथेच मोडतो. उपाय साधा आहे: नि सोडून फक्त प-रे वाजवा.

१७/ आता दुर्गा: सा रे म प ध. इथेही पूर्ण कॉर्ड दोनच, पण कोणत्या? म-ध-सा आणि रे-म-ध. षड्जावर उभी राहणारी कॉर्ड पूर्ण होतच नाही, कारण ग नाही. म-ध-सा वारंवार वाजवली तर कानाला ‘म’ हेच घर वाटू लागते. सूर तेच राहिले, घर बदलले. तंबोरा हे घर कधीच हलू देत नाही. प्रत्येक कॉर्ड मात्र धुनीविषयी एक निर्णय देते, आणि तो चुकू शकतो.

१८/ मला हे पुस्तकाने शिकवले नाही. गेल्या उन्हाळ्यात आजीची एक अहिराणी ओवी मी गिटारवर बसवली, चांगल्या सात-आठ कॉर्ड घालून. आजीने शेवटपर्यंत ऐकले आणि म्हणाली, “गानं बरं शे, पन जातं कथा गयं?” गाणे बरे आहे, पण जाते कुठे गेले? दोन वर्षे मी संगीताचा सामाजिक इतिहास वाचत होतो. त्या प्रश्नाचे उत्तर माझ्या टिपणांत नव्हते.

१९/ मग सगळ्या कॉर्ड काढल्या. सा ए तारेवर धरला. तेव्हा लक्षात आले की शेजारची सर्वांत जाड ई तार आपोआप मंद्र पंचम देते. तंबोऱ्याचे प आणि सा खुल्या तारांत आधीपासूनच होते. अंगठ्याने दर फेऱ्याला ए तार, ओवी वरच्या दोन तारांवर, आणि कॉर्ड फक्त एक, ओवीच्या शेवटी. आजी या वेळी काही बोलली नाही, पण तिचा उजवा हात मांडीवर गोल फिरू लागला होता.

२०/ ‘कॉर्ड आपली की परकी’ हा वाद शंभर वर्षे चालला. इतिहास पाहता मला दुसरा प्रश्न महत्त्वाचा वाटतो: या धुनीचा मूळ आधार कोणता होता, हे कॉर्ड निवडण्यापूर्वी आपण ऐकले का? जाते, पावरीची दुसरी नळी, वारकऱ्याची वीणा, सनईमागचा सूर. घरात जात्यावर गायलेल्या बायका आता थोड्याच उरल्या आहेत. तुमच्या घरी कोणी असेल तर आज ओवी ध्वनिमुद्रित करून घ्या, आणि शक्य असेल तर जात्यासकट. गिटार नंतर उचलली तरी चालेल.

(धागा समाप्त. तुमच्या गावात धून आणि सूर एकटाच वादक सांभाळतो असे कोणते वाद्य आहे? खाली जरूर लिहा.)