श्राव्य पुस्तक आणि अभिवाचकाचा आवाज

छापील पुस्तक वाचताना पात्रांचे आवाज वाचक मनातल्या मनात स्वतःच घडवतो. श्राव्य पुस्तकात हे काम अभिवाचकाकडे जाते. विराम कोठे घ्यावा, कोणत्या शब्दावर जोर द्यावा, उपरोध कितपत उघड करावा, हे सारे त्याच्या स्वरावर अवलंबून असते. म्हणूनच एखादे उत्तम पुस्तक ऐकताना कंटाळवाणे वाटते, तर साधेसे पुस्तकही कधी मनात घर करते.

ब्रिटनमध्ये १९३५ साली अंधांसाठी, विशेषतः पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी, तबकड्यांवरील ‘बोलकी पुस्तके’ सुरू झाली. आरंभीच्या पुस्तकांत अगाथा ख्रिस्ती यांची ‘द मर्डर ऑफ रॉजर अॅक्रॉइड’ ही रहस्यकथा होती. अशा कथेचा शेवट अभिवाचकाला ठाऊक असतो. स्वरातून मात्र त्याचा सुगावा लागू देऊन चालत नाही.

एकाच संहितेवर आवाजाचा परिणाम किती होतो, हे ‘हॅरी पॉटर’ मालिकेत दिसते. ब्रिटिश आवृत्ती स्टीफन फ्राय यांनी, तर अमेरिकन आवृत्ती जिम डेल यांनी वाचली. डेल यांनी ‘ऑर्डर ऑफ द फिनिक्स’साठी तब्बल १३४ वेगवेगळे आवाज योजले. फ्राय यांच्या वाचनात निवेदकाचा संथ, मिश्कील सूर अधिक जाणवतो. एका आवाजाची सवय जडलेल्या श्रोत्याला दुसरा बहुधा परका वाटतो.

मराठीला ऐकण्याची परंपरा नवी नाही. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार यांच्या कथाकथनाने ग्रामीण कथा गावोगावच्या श्रोत्यांपर्यंत पोहोचवली. त्या कथांचा अर्धा रस बोलीच्या हेलात असतो. पुस्तकी सुरात वाचल्यास त्यांतील विनोद विरून जातो. शिवाय लिपी सर्व उच्चार दाखवत नाही. विश्व या अर्थाचा ‘जग’ आणि ‘जगणे’मधील ‘जग’ लिहिताना सारखेच दिसतात; त्यांतील ‘ज’ मात्र निराळा उच्चारला जातो. हा भेद कानानेच शिकावा लागतो.

परदेशात वाढणाऱ्या ज्या मुलांना मराठी समजते, पण देवनागरी सहज वाचता येत नाही, त्यांच्यासाठी अभिवाचकाचा आवाज हेच मराठी साहित्याचे प्रवेशद्वार ठरते. ‘ळ’, ‘ण’ किंवा बोलीतील हेल त्या आवाजात चुकले, तर मुलांच्या कानावर तेच रूप बसते.

पुस्तक निवडताना नमुना अवश्य ऐकावा, आणि तो केवळ निवेदनाचा नव्हे, तर संवादांचाही असावा. वेग वाढवून ऐकण्याची सोय माहितीपर पुस्तकांना उपयोगी पडते; ललित साहित्यात मात्र विराम आक्रसतात आणि त्यांबरोबर अर्थही निसटतो. गोड गळ्यापेक्षा मजकुराची जाण असलेला आवाज अधिक काळ सोबत करतो.