लॉर्ड मॉर्टनची घोडी आणि शिंगराच्या पायांवरचे पट्टे

आपल्यापैकी जे कोणी सारंगखेड्याच्या यात्रेत घोडेबाजार बघायला गेले असतील, त्यांना हे दृश्य ओळखीचं असेल. गिऱ्हाईक भाव विचारायच्या आधी घोड्याभोवती एक फेरी मारतं. भोवरे कुठे आहेत ते बघतं, देवमणी आहे का, पंचकल्याणी आहे का ते बघतं. आणि घोडी गाभण असेल तर मग एकच प्रश्न उरतो: शिंगरू कसं निघेल? अकरा महिने वाट बघायची, तोवर पैसा अडकलेला, आणि मग जे चार पायांवर उभं राहील ते आपलं. आई कोण, बाप कोण हे माहीत असूनही छातीठोक उत्तर कोणाकडे नसतं. आज आपण या प्रश्नाच्या इतिहासातलं एक प्रकरण घेणार आहोत. ते घडलं ब्रिटनमध्ये, एका घोडीच्या बाबतीत, आणि त्या एका घोडीने युरोपातल्या भल्याभल्या शास्त्रज्ञांना पाऊणशे वर्षं चकवलं.

घोडीचे मालक होते स्कॉटलंडचे लॉर्ड मॉर्टन. त्यांना क्वाग्गा माणसाळवायचा होता. क्वाग्गा म्हणजे दक्षिण आफ्रिकेतला झेब्र्याचाच एक प्रकार. डोकं, मान आणि पुढच्या अंगावर पट्टे, मागचं अंग तपकिरी, आणि पाय पांढुरके. हे पाय कृपा करून लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत. तर, मॉर्टनना नर क्वाग्गा मिळाला, पण मादी काही केल्या मिळेना. मग त्यांनी तो नर एका तरुण घोडीला दाखवला. घोडी तांबूस रंगाची, म्हणजे ज्याला चेस्टनट म्हणतात त्या रंगाची. आठात सात हिस्से अरबी रक्ताची. आणि त्याआधी कधीही न व्यालेली. तिला क्वाग्ग्यापासून एक संकरित मादी शिंगरू झालं. इथपर्यंत नवल काहीच नाही, गाढवापासून खेचर होतं तसंच हे.

पुढे ती घोडी सर गोर औसली यांच्याकडे गेली. (हे तेच औसली, जे तरुणपणी लखनौच्या नवाबाच्या पदरी होते आणि नंतर इराणच्या दरबारात ब्रिटिश वकील म्हणून गेले. चांगल्या घोड्यांची पारख त्यांना असणारच.) औसलींनी घोडीला एका उत्तम काळ्या अरबी घोड्यापासून गाभण करवलं. दोन शिंगरं झाली. १८२० साली मॉर्टन ती बघायला गेले, तेव्हा एक दोन वर्षांचं होतं, एक वर्षाचं. अंगकाठी थेट अरबी. पण रंग कुमैत, पाठीवर काळी रेघ, पुढच्या अंगावर पट्टे, पायांवर आडवे पट्टे, आणि आयाळ ताठ उभी! मॉर्टन चक्रावले. बाप अरबी, आई जवळजवळ अरबी. मग हे क्वाग्ग्याचं अंग आलं कुठून? त्यांनी रॉयल सोसायटीला पत्र लिहिलं, ते १८२१ साली छापून आलं. आगास नावाच्या स्विस चित्रकाराने या सगळ्या जनावरांची चित्रंही काढली. ती लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सच्या संग्रहात आहेत.

निष्कर्ष काय निघाला? तर मादीला पहिल्यांदा जो नर लागतो, त्याचा ठसा तिच्यात कायमचा राहतो आणि पुढे दुसऱ्या नरापासून झालेल्या पिलांतही उतरतो. घोडेवाल्यांत आणि कुत्री पाळणाऱ्यांत ही समजूत आधीपासून होतीच, आता तिला रॉयल सोसायटीचा शिक्का मिळाला. पुढे वाइसमान या जर्मन शास्त्रज्ञाने तिला टेलिगनी असं नाव दिलं, पण तो स्वतः तिच्याबद्दल साशंक होता.

व्यवहारात याचा अर्थ समजून घेऊ. जातिवंत घोडी एकदा चुकून हलक्या घोड्याला लागली की ती जन्माची बाटली! तिची किंमत गेली. जिच्यापासून खेचर काढलं ती घोडी तर जातिवंत पैदाशीला बादच. आणि गोष्ट घोड्यांवर थांबली नाही. १८९३ साली हर्बर्ट स्पेन्सरने वाइसमानशी वाद घालताना हीच घोडी पुढे केली, आणि तिच्या जोडीला अमेरिकेतून कळवलेली ऐकीव माहिती दिली: कृष्णवर्णीय पुरुषापासून मूल झालेल्या गोऱ्या बाईला पुढे गोऱ्या नवऱ्यापासून झालेल्या मुलांतही म्हणे त्या पहिल्या पुरुषाच्या खुणा दिसतात. बघा, तबेल्यातली समजूत किती सहज घरात शिरते. वंशद्वेषाला आणि बाईच्या पावित्र्याच्या कल्पनांना एका घोडीचा पुरावा मिळाला. आम्हाला हे प्रकरण महत्त्वाचं वाटतं ते यासाठी. नाहीतर दोन शिंगरांच्या रंगासाठी कोण कशाला जमेल?

आता यातला सगळ्यात गमतीचा भाग. डार्विनचं 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' निघालं १८५९ साली. त्याच्या पाचव्या प्रकरणात घोड्यांच्या पट्ट्यांवर काही पानं आहेत, आणि त्यांत आपल्याकडचा काठियावाडी घोडा येतो. हिंदुस्थान सरकारसाठी या जातीची पाहणी केलेल्या कर्नल पूल यांच्याकडून डार्विनला कळलं की काठियावाडात पट्टे इतके सर्रास असतात की बिनपट्ट्याचा घोडा तिथे अस्सल मानतच नाहीत. पाठीवर रेघ असतेच, पायांवर बहुधा पट्टे असतात, खांद्यावर एक, कधी दोन, कधी तीन. आणि पट्टे शिंगरात सगळ्यात ठळक असतात, वय वाढेल तसे पुसट होतात. डार्विनचा मुद्दा असा की घोडा, गाढव, झेब्रा, क्वाग्गा या सगळ्यांचा पूर्वज पट्टेरी असावा, आणि त्याची आठवण अधूनमधून वर येते.

त्याच पानांत मॉर्टनची घोडीही आहे. तिच्याबद्दल डार्विन काय नोंदवतो? की ते संकरित शिंगरू आणि नंतरची अरबी घोड्यापासूनची शिंगरं, यांच्या पायांवरचे पट्टे खुद्द क्वाग्ग्यापेक्षाही ठळक होते. आता थांबा आणि मघाचे ते पांढुरके पाय आठवा. क्वाग्ग्याच्या पायांवर धड पट्टेच नाहीत! जे त्याच्याकडे नव्हतं ते तो मागे ठेवून कसा जाईल? उत्तर त्याच पानांवर होतं: पट्टे घोड्याच्या स्वतःच्या वंशातच दडलेले असतात, त्याला क्वाग्गा लागत नाही. तरीही १८६८च्या पुढच्या ग्रंथात डार्विनने पहिल्या नराचा परिणाम खरा मानला. युरोपातल्या घोड्यांत असे पट्टे फार विरळ, आणि अरबींत जवळजवळ नाहीतच, असं त्याचं म्हणणं. त्यात त्या ताठ आयाळीने तो बिचकला असावा. आमचं मत विचाराल तर काठियावाडी घोडा डार्विनच्या दारात असता तर तो फसला नसता. पण हे आपलं मागाहूनचं शहाणपण.

प्रयोग करून बघायला हवा होता, पण करणार कसा? शेवटची क्वाग्गा मादी १८८३च्या ऑगस्टमध्ये ॲमस्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात मेली, आणि जातच संपली. एडिंबरा विद्यापीठातले प्राध्यापक कोसर युअर्ट यांनी मग झेब्रा आणला. त्याचं नाव मटोपो. जवळच पेनिक्विक इथे त्यांनी तबेला उभारला. रम बेटावरच्या मुलाटो नावाच्या काळ्या तट्टाणीला मटोपोपासून ऑगस्ट १८९६मध्ये शिंगरू झालं, ते रोम्युलस. त्याचे पट्टेही गमतीचे, बापापेक्षा सोमाली झेब्र्याच्या वळणाचे अधिक. मग मुलाटोला अरबी घोड्यापासून शिंगरू झालं, आणि त्याच्या अंगावर खरंच पुसट पट्टे दिसले!

इथे मॉर्टन आणि युअर्ट यांच्यातला फरक दिसतो. मॉर्टननी शिंगरं बघितली आणि पत्र लिहिलं. युअर्टनी तोच अरबी घोडा, त्याच बेटावरच्या पण झेब्रा कधी जवळही न आलेल्या तट्टाणींना दाखवला. त्यांच्या शिंगरांवरही पट्टे आले. मग झेब्र्याचा संबंध काय राहिला? खेचरांच्या बाजूनेही साक्ष आली. ब्राझीलमधल्या बॅरन द पाराना यांनी कळवलं की तिकडे वर्षाला शेकड्यांनी खेचरं काढणारे तबेले आहेत, त्याच घोड्या पुढे घोड्याला दाखवतात, आणि गाढवाच्या वळणाचं शिंगरू कधी निघालेलं नाही. ज्यांचा हा रोजचा धंदा होता त्यांना हे ठाऊक होतं. विचारायला कोणी गेलं नव्हतं इतकंच. युअर्टचं पुस्तक १८९९ साली आलं. टेलिगनी त्यानंतर अभ्यासकांत फार टिकली नाही.

ठीक आहे, पहिल्या नराचा ठसा राहत नाही. पण मूळ प्रश्न तसाच: शिंगरू कसं निघेल? १९०० साली मेंडेलचे नियम नव्याने उजेडात आले, आणि हर्स्ट नावाच्या रोपवाटिकावाल्याने ते घोड्यांवर लावून बघितले. त्यासाठी त्याने एकही घोडी बांधली नाही. शर्यतीच्या घोड्यांची वंशावळीची मोठी वही असते, जनरल स्टड बुक. त्यात प्रत्येक शिंगराचा रंग लिहिलेला असतो. ती चाळून त्याने सांगितलं, चेस्टनट घोडा आणि चेस्टनट घोडी यांचं शिंगरू चेस्टनटच. कुमैत जोडप्याचं मात्र सांगता येत नाही, कारण कुमैताच्या आत चेस्टनट लपलेला असू शकतो; दोघांतही लपलेला असेल तर चारात एक शिंगरू चेस्टनट.

वेल्डन या ऑक्सफर्डच्या प्राध्यापकाने त्याच वहीतून उलट नोंदी काढल्या: आईबाप चेस्टनट आणि शिंगरू कुमैत. हर्स्ट म्हणे, लिहिणाऱ्याची चूक. वेल्डन म्हणे, नियमात न बसणारी नोंद तेवढी चूक, हे कुठलं शास्त्र? १९०६च्या एप्रिलमध्ये वेल्डन न्यूमोनियाने वारला, वयाच्या ४६व्या वर्षी; अखेरपर्यंत तो त्या वह्यांतच होता. रंगाच्या बाबतीत हर्स्ट बरोबर ठरला. १९९६ साली चेस्टनट रंगाचा जनुकातला बदलही सापडला, आणि तो दोन्ही बाजूंनी आला तरच रंग दिसतो. पण वेल्डनचा सवाल खोटा नव्हता. जन्मल्या जन्मल्या लिहिलेला रंग मोठेपणी तोच राहतो असं नाही, आणि तबेल्यात बापाची नोंदही चुकू शकते.

मॉर्टनच्या घोडीकडे आज बघितलं तर निम्मं कोडं इथेच सुटतं. चेस्टनट घोडी कुमैत रंगाचा नमुना पोटात बाळगून असू शकते, तिच्या स्वतःच्या अंगावर तो दिसत नाही. काळ्या घोड्याशी जोड जमली की शिंगरू कुमैत. पट्ट्यांचंही तसंच. पाठीवरची रेघ आणि पायांवरचे पट्टे राखणारी, पण अंगाचा रंग फिका न करणारी एक जनुकाची आवृत्ती घोड्यांत आता माहीत झाली आहे. ताठ आयाळीचं काय, ते १८२०च्या त्या तबेल्यातल्या मोतद्दारालाच ठाऊक.

आता केसांची मुळं पाकिटात घालून प्रयोगशाळेत पाठवली की रंगाचं प्रमाण कळतं, चारात एक की दोनात एक. या खेपेला त्यातलं कुठलं निघेल ते कळत नाही. आणि कोणी काठियावाडी शिंगरू ठळक पट्टे दाखवून विकायला आलं, तर कर्नल पूल यांनी डार्विनला कळवलेली गोष्ट आठवा: वयाबरोबर ते पुसट होतात. चला, आता तुमचे प्रश्न घेऊ.