ईश्वरेच्छा आणि राजाज्ञा

तापीकाठचे बऱ्हाणपूर मराठी माणसाला मुख्यतः दोन घटनांमुळे ठाऊक असते. १६३१ साली मुमताजमहल येथे मृत्यू पावली, आणि १६८१ च्या आरंभी संभाजीराजांच्या सैन्याने या शहराची बहादुरपुरा ही संपन्न पेठ लुटली. परंतु त्यापूर्वी, १६०० साली, या शहरात एक निराळाच प्रश्न उपस्थित झाला होता. लढायांच्या इतिहासात त्याचा उल्लेख ओझरताच येतो. राजाची आज्ञा ईश्वराच्या इच्छेला विरोधी असेल, तर ख्रिस्ती मनुष्याने काय करावे? आणि त्याच्याही आधीचा प्रश्न असा की, ईश्वराची इच्छा ती हीच, हे त्याने ओळखावे कसे?

त्या वर्षी ३१ मार्च रोजी अकबर बादशहा बऱ्हाणपुरात दाखल झाला. शहर त्याला लढाईवाचून मिळाले. खानदेशचा फारुकी राजा राजे अलीखान हा १५९७ मध्ये दक्षिणेतील लढाईत मोगलांच्या बाजूने लढता लढता पडला होता; पण त्याचा मुलगा बहादुरशहा याला मोगलांचे ते सख्य मानवले नाही. शहर सोडून तो उत्तरेस सात-आठ कोसांवर असलेल्या असीरगडावर जाऊन बसला. असीरगड हा साधा डोंगरी किल्ला नव्हे. मलयगड, कमरगड आणि असीर अशा एकावर एक तीन तटबंद्यांचा तो गड त्याकाळी अजिंक्य समजला जाई. अकबराने वेढा घातला आणि महिन्यांमागून महिने जाऊ लागले.

बादशहाच्या छावणीत येशू संघाचे, म्हणजे जेसुइट पंथाचे, दोघेजण होते. एक पाद्री जेरोम झेवियर. गोव्यात ज्यांचे शव जतन केलेले आहे त्या संत फ्रान्सिस झेवियर यांच्या बहिणीचा हा नातू. दुसरा बेंतो द गोइश. हा धर्मगुरू नव्हता, संघाचा साधा बंधू होता. अझोर बेटांत १५६२ साली जन्मलेला गोइश हिंदुस्थानात आला तो पोर्तुगीज सैन्यातला शिपाई म्हणून. १५८४ मध्ये तो संघात शिरला, उमेदवारी पुरी होण्यापूर्वीच संघ सोडून होर्मुझला निघून गेला, आणि १५८८ मध्ये पुन्हा गोव्यास परतून त्याने दार ठोठावले. या दुसऱ्या वेळी मात्र तो टिकला. पौरोहित्याची दीक्षा त्याने अखेरपर्यंत घेतली नाही. १५९५ पासून हे दोघे लाहोरला अकबराच्या दरबारी होते आणि दक्षिणेच्या स्वारीत बादशहाने त्यांना बरोबर आणले होते. राजे अलीखानाने बांधलेली, भिंतीवर अरबीबरोबर संस्कृत शिलालेख असलेली बऱ्हाणपूरची जामा मशीद तेव्हा जेमतेम दहा वर्षांची होती. अशा संमिश्र शहरात या दोन परदेशी साधूंकडे कुणी फारसे वळूनही पाहिले नसेल.

वेढा रेंगाळला तसा अकबरापुढे एक पेच उभा राहिला. गडावरच्या तोफा मोठ्या होत्या, आणि त्यांच्या बरोबरीच्या तोफा बादशहापाशी नव्हत्या. तशा तोफा आणि दारूगोळा जवळपास मिळण्याजोगे ठिकाण म्हणजे कोकण किनाऱ्यावरचे पोर्तुगिजांचे चौल. अकबराने जेरोम झेवियरला बोलावले आणि चौलच्या पोर्तुगिजांना त्याबद्दल पत्र लिहिण्यास सांगितले. दरबारात आश्रित म्हणून राहणाऱ्या माणसाला ही आज्ञा म्हणजे खरे पाहता एक सुसंधीच होती. एका पत्राने बादशहाची मर्जी जन्मभरासाठी विकत घेता आली असती.

झेवियरने नकार दिला. हे कृत्य आपल्या धर्माला संमत नाही, असे त्याने कारण सांगितले. अकबराचा संताप अनावर झाला. पाद्र्यांनी राजवाडा सोडून तत्काळ गोव्यास चालते व्हावे, असा हुकूम सुटला. ते निघणारच होते. पण दरबारातील एका स्नेही सरदाराने त्यांना सावध केले. वाटेत जिवाला धोका होईल, आहात तेथेच थांबा, बादशहाचा राग ओसरू द्या, असा त्याचा सल्ला होता. त्यांनी तो ऐकला. राग खरोखरच ओसरला आणि पाद्री पूर्ववत दरबारी येऊजाऊ लागले.

येथवरची कथा एखाद्या संतचरित्रात शोभण्यासारखी आहे. पण इतिहासाला तेथे थांबता येत नाही. जेसुइटांची पत्रे जमवून सतराव्या शतकाच्या आरंभी ज्याने या कार्याचा वृत्तान्त लिहिला, तो फ्रेंच जेसुइट पिएर द्यु जारिक स्वतःच एक गोष्ट सूचित करून जातो. बहादुरशहाचा आणि पोर्तुगिजांचा थोड्याच दिवसांपूर्वी तह झाला होता, आणि झेवियरच्या मनात तेही असू शकेल. १९१७ साली अकबराचे चरित्र लिहिणाऱ्या व्हिन्सेंट स्मिथने हाच धागा पकडून झेवियरला धूर्त राजकारणी ठरवून टाकले. हा निवाडा घाईचा वाटतो. मित्राच्या विरुद्ध शत्रूला शस्त्रे पुरवू नयेत, हे धर्माचेही सांगणे आहे आणि राजनीतीचेही. दोहोंचे उत्तर एक आले म्हणून धर्माचे कारण खोटे ठरत नाही. मात्र एवढे खरे की, त्यामुळे ते पारखताही येत नाही.

येशू संघाचा संस्थापक संत इग्नेशियस लोयोला या धोक्याविषयी फार सावध होता. ईश्वराची इच्छा काय आहे हे शोधू पाहणाऱ्याने प्रथम आपले मन तराजूच्या काट्यासारखे मधोमध आणावे, कुठल्याच पारड्याकडे ते आधीच झुकलेले नसावे, अशी त्याची शिकवण आहे. हे मधोमध येणे म्हणजे उदासीनता नव्हे. ती एक कष्टसाध्य समवृत्ती आहे, आणि स्थितप्रज्ञाचे वर्णन ऐकलेल्या मराठी श्रोत्याला ती परकी वाटू नये. बऱ्हाणपुरात झेवियरच्या तराजूत एका पारड्यात पोर्तुगालचे हित आधीच पडलेले होते. त्याने केले ते योग्यच केले असेल, आणि जिवाची जोखीम पत्करून केले. परंतु स्वतःच्या राष्ट्राचा लाभ आणि देवाची आज्ञा जेथे एकाच दिशेने बोट दाखवतात, तेथे आपण नक्की कोणाच्या मागे चाललो आहोत, हे मनुष्याला स्वतःलाही सांगता येत नाही. सोळाव्या शतकातील पोर्तुगीज ख्रिस्ती माणसाची ही नित्याची अडचण होती. आणि अडचण आहे हे त्यांच्यापैकी पुष्कळांच्या लक्षातही आले नव्हते.

१७ जानेवारी १६०१ रोजी असीरगड पडला. गडावर रोगराई पसरली म्हणून पडला, असे दरबारी इतिहास सांगतात. सोन्याच्या मोहरांनी दरवाजे उघडले, असे जेसुइट सांगतात. गडावर बहादुरशहाच्या चाकरीत असलेले सात पोर्तुगीज सापडले. त्यांनी धर्म बदलला होता. झेवियरने त्यांना मागून घेतले आणि बादशहाने ते देऊनही टाकले. नंतर त्याच वर्षाच्या मार्च महिन्यात अकबराने गोव्याला वकील रवाना केला, आणि त्याच्यासोबत बऱ्हाणपुराहून निघाला तो बंधू गोइश.

आजवर गोइश हा झेवियरच्या सावलीसारखा वावरत होता. गोव्यात पोचल्यावर त्याच्या वाट्याला स्वतःची अशी एक आज्ञा आली. तिची पूर्वपीठिका काही वर्षांमागची होती. लाहोरला असताना झेवियरला एका वृद्ध मुसलमान व्यापाऱ्याकडून कळले होते की, खताई नावाच्या दूरच्या देशात ख्रिस्ती लोक राहतात, त्यांची मंदिरे आहेत, पुरोहित आहेत. खताई म्हणजे मार्को पोलोने वर्णिलेले ते राज्य. झेवियरने ही वार्ता उत्साहाने वरिष्ठांना कळवली. तिकडे चीनमध्ये पाय रोवून बसलेला मात्तेओ रिच्ची मात्र लिहीत होता की, खताई आणि चीन हे दोन देश नव्हेत, एकच आहेत. कोणाचे खरे? वरिष्ठांनी ठरवले की एक माणूस खुश्कीच्या मार्गाने पाठवावा आणि सोक्षमोक्ष लावावा. फारसी उत्तम जाणणारा, काटक, चाळिशीला आलेला गोइश त्यांना योग्य वाटला.

आज आपल्याला माहीत आहे की रिच्चीचेच बरोबर होते. व्यापाऱ्यांनी मूर्ती, दीप आणि वस्त्रे ल्यालेले पुरोहित पाहिले होते ते बौद्ध मंदिरांत. म्हणजे गोइशला मिळालेल्या आज्ञेच्या मुळाशी एक गैरसमज होता, आणि तोही त्याच्या स्वतःच्याच गुरुबंधूचा. इग्नेशियसने १५५३ साली पोर्तुगालमधील आपल्या बांधवांना आज्ञापालनावर एक दीर्घ पत्र लिहिले होते. नुसते हुकमाप्रमाणे हातपाय हलवणे ही त्यात पहिली पायरी सांगितली आहे. आपली इच्छा वरिष्ठाच्या इच्छेत मिळवणे ही दुसरी, आणि बुद्धीनेही तिच्याशी एकरूप होणे ही तिसरी. पाप उघड दिसत असेल तेथे आज्ञा बांधत नाही, आणि शंका असल्यास प्रार्थनापूर्वक वरिष्ठापुढे मांडावी, अशीही मुभा आहे. पण वरिष्ठ चुकत असेल आणि त्या चुकीत पाप नसेल तर? इग्नेशियसचे उत्तर असे की, वरिष्ठ शहाणा आहे म्हणून त्याचे ऐकायचे नसते, तो ईश्वराच्या ठिकाणी आहे म्हणून ऐकायचे असते. आधुनिक मनाला हे उत्तर सहजी पटणारे नाही. आज्ञापालनाच्या नावाखाली जगात जे जे घडले ते पाहता, पटू नये हेच बरे. गोइशच्या बाबतीत त्याची किंमत मात्र इतर कोणी चुकवली नाही. ती त्याने एकट्याने चुकवली.

ऑक्टोबर १६०२ च्या अखेरीस तो आग्र्याहून निघाला. ज्या अकबराने बऱ्हाणपुरात पाद्र्यांना हाकलून दिले होते, त्यानेच त्याला चारशे सुवर्णमुद्रा आणि वाटेवरच्या राजांना पत्रे दिली. गोइशने दाढी-केस वाढवले, आर्मेनियन व्यापाऱ्याचा पोशाख केला, तलवार आणि धनुष्य-भाता बांधला. नाव घेतले अब्दुल्ला इसाई. ईश्वराचा दास, ख्रिस्ताचा अनुयायी. वेष पालटला, धर्म लपवला नाही. १६०३ च्या आरंभी लाहोरहून सुमारे पाचशे माणसांच्या तांड्याबरोबर तो काबूलकडे निघाला. त्याच्या सोबतचे दोन ग्रीक काबूलला त्याच्यापासून वेगळे झाले. इसहाक नावाचा आर्मेनियन तेवढा शेवटपर्यंत राहिला. मक्केहून परतताना लुटली गेलेली काशगरच्या राजाची बहीण काबूलच्या बाजूस भेटली; तिला गोइशने सहाशे सुवर्णमुद्रा उसन्या दिल्या आणि व्याजाचा करार केला नाही. पामीरच्या पठारावर थंडीने त्याचे पाच घोडे मेले. तेथल्या विरळ हवेत श्वास कोंडू लागे, त्यावर लसूण, कांदा आणि सुकी जर्दाळू खाणे हाच उपाय होता. जनावरांच्या हिरड्यांनाही लसूण चोळीत. यारकंदला पोचल्यावर चीनकडे जाणाऱ्या तांड्यासाठी त्याला वर्षभर थांबावे लागले. मधल्या काळात तो खोतानला जाऊन त्या राजकन्येकडून आपले कर्ज घेऊन आला. तिने ते मौल्यवान जेड पाषाणाच्या रूपाने फेडले, आणि पुढच्या प्रवासाचे भांडवल तेच झाले.

१६०५ मध्ये चालिश या गावी त्याच्या शोधाचा निकाल लागला. तेथे पेकिंगहून परतणारे मुसलमान व्यापारी भेटले. ते पेकिंगमध्ये परदेशीयांच्या वाड्यात रिच्चीच्या शेजारी उतरले होते. त्यांच्यातल्या एकाने खोली झाडताना निघालेल्या केरातून एक चिटोरा उचलला होता. घरी गेल्यावर नवल म्हणून दाखवावा एवढाच हेतू. त्यावरचा मजकूर पोर्तुगीज भाषेत होता. खताई म्हणजेच चीन, आणि जेथे जायचे तेथे आपले बांधव आधीच जाऊन राहिले आहेत, हे गोइशला त्या क्षणी कळले. म्हणजे नवा ख्रिस्ती समाज शोधायचा उरलाच नव्हता. गोइश मागे फिरला नाही. पेकिंगपर्यंत जायचे ठरले होते आणि ते अजून व्हायचे होते.

ते झालेही नाही. १६०५ च्या अखेरीस तो चीनच्या सीमेवरील सूचौ या गावी पोचला आणि तेथेच अडकला. परवान्यावाचून पुढे जाता येईना. रिच्चीला लिहिलेले पहिले पत्र पोचले नाही. पत्ता चिनी नावांनी घालणे त्याला जमत नव्हते. जेडचे भांडवल अन्नावारी संपत गेले, उसनवारी सुरू झाली. अखेर एक पत्र १६०६ च्या नोव्हेंबरात पेकिंगला मिळाले, आणि रिच्चीने एका चिनी बंधूला तातडीने पाठवले. तो मार्च १६०७ च्या अखेरीस पोचला, तेव्हा गोइश अंथरुणाला खिळला होता. आपल्या भाषेतली हाक ऐकून त्याने रिच्चीची पत्रे हातात घेतली, वर उचलली आणि बालयेशूला पाहून कृतार्थ झालेल्या वृद्ध शिमोनाचे स्तोत्र म्हटले. ११ एप्रिल रोजी तो मरण पावला. मरण्यापूर्वी त्याने बांधवांसाठी निरोप ठेवला होता की, हा मार्ग लांबचा, धोक्याचा आणि निरुपयोगी आहे, यापुढे कोणी या वाटेने येऊ नये. आज्ञा शब्दशः पाळणाऱ्या माणसाने त्या आज्ञेविषयीचे आपले मत असे स्पष्ट नोंदवून ठेवले, ही गोष्ट त्याच्या चरित्रकारांनी जितकी सांगायला हवी तितकी सांगितलेली नाही.

त्याची रोजनिशी ऋणकऱ्यांनी फाडली. कोणाकडे किती येणे आहे याच्या नोंदी तीत होत्या. इसहाक आणि त्या चिनी बंधूने मिळतील ते तुकडे गोळा केले. त्या तुकड्यांवरून आणि इसहाकच्या तोंडून ऐकलेल्या हकीकतीवरून रिच्चीने प्रवासाचा वृत्तान्त जुळवला, आणि १६१५ साली तो युरोपात छापून निघाला. इसहाक पेकिंगला महिनाभर राहून मकावमार्गे हिंदुस्थानकडे निघाला. सिंगापूरच्या सामुद्रधुनीत डच लोकांनी त्याचे जहाज पकडले. सुटून तो खंबायतला पोचला. बायको आपण दूर असताना गेली, हे तेथे समजल्यावर मोगलांच्या मुलखात परत जाण्याचे त्याला कारण उरले नाही. तो दक्षिणेस वळला आणि चौलला, ज्या बंदराकडे तोफांसाठी पत्र लिहिण्यास झेवियरने बऱ्हाणपुरात नकार दिला होता त्या चौलला, घर करून राहिला.